हात दिला होता

तिसरं गाणं संपलं तसा रखवालदार पुढं आला आणि फोटोवाल्यांना बाहेर काढू लागला. मोठ्या कार्यक्रमांचा तो रिवाजच असतो. स्टेज आणि गर्दीपुढचं लोखंडी बॅरिकेड यांच्यामधल्या अरुंद पट्ट्यात उभं राहायचं, पहिल्या तीन गाण्यांत काय मिळतील ते फोटो घ्यायचे आणि निघायचं. बाकीचे वर्तमानपत्रवाले बॅगा उचलून निघाले. मी तिथंच.

"मॅडम, तुम्हीपण."

"ए, तिला राहू दे," वरून माइकमधून आवाज आला. "ताई आहे माझी!"

अख्खी शेड हसली, कुणीतरी शिटी मारली. रखवालदारानं ओशाळून हात वर केले आणि मी पुन्हा कॅमेरा डोळ्याला लावला.

वर होता तो माझा धाकटा भाऊ शार्दूल. बँडचं नाव गावठाण. सातपूरच्या बंद पडलेल्या कारखान्याची पत्र्याची शेड कुणीतरी गाण्याच्या कार्यक्रमांसाठी भाड्यानं घेतली होती आणि त्या रविवारी संध्याकाळी निम्मं नाशिक तिथं लोटलं होतं. पुढच्याच आठवड्यात मुंबईच्या एका मोठ्या कंपनीशी बँडचा करार व्हायचा होता. त्या कंपनीचे दोघं मागच्या बाजूला खुर्च्या टाकून बसले होते आणि त्यांच्या शेजारी आमची आई, कानात कापूस घालून.

शार्दूलचा पहिला फोटो मी काढला तेव्हा तो शाळेच्या गॅदरिंगमध्ये गात होता आणि त्याची चड्डी सारखी खाली घसरत होती. वडील त्याआधीच वारले होते. मी लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका स्टुडिओत नोकरीला लागले, घर चालवलं आणि सुटीच्या दिवशी याच्या मागं फिरले. कॉलेजचे हॉल, हॉटेलांच्या गच्च्या, गणपतीचे मांडव. अंधारात फोटो कसे काढायचे ते मी याच्यावरच शिकले. कार्यक्रमात फ्लॅश मारायचा नसतो, लाल-निळ्या दिव्यांत मिळेल तेवढ्या उजेडावर भागवावं लागतं. गाणारा माणूस क्षणभर थांबतो कधी, हे ज्याला आधी कळतं त्यालाच फोटो मिळतो. वरचा सूर लावण्याआधी शार्दूल डावी टाच उचलायचा. त्याला स्वतःलाही ते ठाऊक नव्हतं. टाच उचलली की मी बटण दाबायची.

आणि पहिल्या रांगेत हिरवा शर्ट असायचा. गावठाणच्या प्रत्येक कार्यक्रमाला येणारा एक दणकट तरुण, बॅरिकेडला पोट लावून, प्रत्येक ओळ तोंडपाठ. मी त्याच्याशी कधी बोलले नव्हते, पण माझ्या कित्येक फोटोंत तो होता. शार्दूलचे डोळे मिटलेले आणि खाली त्याचा आ वासलेला चेहरा. शेवटी शेवटी मी मुद्दाम असा कोन धरायची की दोघंही एका फोटोत यावेत.

त्या दिवशी गर्दी मोठी होती पण थंड होती. लोक हातात मोबाइल धरून लांब उभे. शार्दूल दोनदा गर्दीच्या डोक्यावरून मागं, कंपनीच्या माणसांकडं बघताना मला दिसला. मग त्यानं मध्येच गाणं तोडलं.

"काय रे सातपूर? लग्नाला आलाय का? या पुढं! अजून पुढं! ते बॅरिकेड कशाला पाहिजे आपल्यात?"

गर्दीत लाट आल्यासारखी झाली. बॅरिकेड करकरलं. शार्दूल स्टेजच्या कडेला गुडघ्यावर बसला आणि हात पुढं करून म्हणाला, "तू. हिरवा शर्ट. ये वर."

हिरवा शर्ट इकडं तिकडं बघायला लागला. आपल्यालाच म्हणतायत हे त्याला खरं वाटेना. मग तो बॅरिकेडवर चढला, एक पाय वरच्या नळीवर, आणि त्यानं हात दिला. शार्दूलनं त्याचं मनगट धरलं. मागून लोक तसेच ढकलत होते. मी पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला होते, बोट बटणावर, कॅमेरा धडाधड फोटो घेत होता.

बॅरिकेड आत कलंडलं. हिरवा शर्ट त्याच्याखाली गेला आणि त्याच्यावर माणसं. मी कॅमेरा पाठीवर टाकून धावले. पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. मी कुणाचे तरी दंड ओढत होते, कुणीतरी माझ्या हातावर उभं होतं, आणि त्या सगळ्या आरडाओरड्यात बॅरिकेडखालून एक शांत आवाज येत होता, "कंबर, कंबर."

रुग्णवाहिकेत मीच बसले त्याच्याबरोबर. नाव दिगंबर आहेर. अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर. बायको सुवर्णा हॉस्पिटलात धावत आली, तिच्या हाताला पीठ लागलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, कंबरेचं हाड मोडलंय, चालता येईल की नाही ते आत्ता सांगता येणार नाही.

मी घरी आले ती तशीच झोपले. कॅमेऱ्याकडं बघवेना.

सकाळी आईनं चहा आणून पुढ्यात ठेवला. ती कधी असं करत नसे.

"फोटो कॉम्प्युटरला लावलेस का गं?"

"नाही अजून."

"नको लावूस. बघून त्रास होईल तुला." तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला बरं वाटलं.

थोड्या वेळानं शार्दूल आला. डोळे सुजलेले. तो माझ्या पलंगाशी खाली फरशीवर बसला, लहानपणी परीक्षेत नापास झाल्यावर बसायचा तसा.

"ताई, कसा आहे तो?"

मी सांगितलं. तो रडायला लागला. हुंदके देऊन, माझ्या गुडघ्यावर डोकं टेकून. ते रडणं खोटं नव्हतं. इतक्या वर्षांनंतरही मी ते खोटं होतं म्हणू शकत नाही, आणि तेच मला सगळ्यात जास्त छळतं.

"बॅरिकेड नीट बांधलंच नव्हतं त्यांनी," तो म्हणाला. "खाली बोल्टच नव्हते, दर्शननं बघितलं." दर्शन म्हणजे बँडचे व्यवहार बघणारा. "तुझ्या फोटोत दिसेल ते. दर्शन म्हणतो, आपणच पोलिसांना नेऊन देऊ. त्या मुलाला भरपाई मिळेल, ताई. आपण मिळवून देऊ."

"थांब, कॉपी करून घेते."

"अगं, त्यांना मूळ कार्डच लागतं. कॉम्प्युटरला लावलेलं त्यांना चालत नाही, मग म्हणतात तुम्ही फेरफार केले."

मला त्यातलं काही माहीत नव्हतं. मी लग्नात आणि गाण्यांत फोटो काढणारी बाई. कॅमेऱ्याचं झाकण उघडून मी कार्ड काढलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. त्यानं मूठ मिटली आणि वाकून माझ्या पाया पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर आला. पहिल्या पानावर मी काढलेला फोटो होता. दिगंबर बॅरिकेडवर उभा, तोंड उघडं, एक हात वर फेकलेला. खाली छापलं होतं: स्टेजवर घुसण्याच्या प्रयत्नात बॅरिकेड पाडणारा तरुण. आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात: छायाचित्र, वृंदा खैरनार.

फोटो वरून कापला होता. बरोब्बर मनगटावर. मूळ फोटोत त्या मनगटाभोवती शार्दूलची बोटं होती. ती काढून टाकल्यावर तो हात कुणावर तरी उगारल्यासारखा दिसत होता.

बातमीत आयोजकांनी त्या तरुणावर गुन्हा दाखल करण्याची मागणी केली होती. गायकाचं म्हणणंही छापलं होतं. झाल्या प्रकारानं मला अतीव दुःख झालं, मी सर्वांना शांत राहण्याचं आवाहन करत होतो.

मी आधी हॉस्पिटलात गेले. पेपर दिगंबरच्या उशाशीच होता. सुवर्णा माझ्याकडं बघेना.

"या ताई," तो म्हणाला. कंबरेपासून खाली त्याला बांधून टाकलं होतं, फक्त मान हलत होती. "बघितलं ना, पेपरवाल्यांनी काय केलं? फोटो कापला तुमचा. शार्दूलदादांचा हातच गायब."

"हो."

"तुम्ही समोरच होता. दादांनी हात दिला होता ना मला?"

"दिला होता."

"मग झालं तर." त्यानं सुवर्णाकडं विजयानं बघितलं. "सांगत होतो ना हिला! तुमच्याकडं अख्खा फोटो असेलच. दादा आणि तुम्ही येऊन पोलिसांना दाखवा, की मिटलं. दादांचा हात घामानं निसटला ओ, त्याला ते तरी काय करणार? दादांना सांगा, मनाला लावून घेऊ नका."

मी उठले. तिथून पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या अधिकारी गांगुर्डे मॅडम. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडं कुणी कार्ड दिलेलं नाही. लोकांच्या मोबाइलमध्ये नुसते दिवे आणि गोंगाट, आणि गर्दीतला जो तो वेगळंच सांगतो. एवढा एक फोटो आलाय, छापलेला. आयोजकांकडून."

आमच्या गच्चीवर बँडची तालमीची खोली होती. मी वर गेले तेव्हा शार्दूल गिटारच्या तारा बदलत होता आणि दर्शन मोबाइलवर बोलत होता. मला बघून दर्शननं फोन बंद केला.

"कार्ड कुठंय?"

"पोलिसांकडं," शार्दूल म्हणाला.

"मी तिथूनच येतेय."

दर्शन पुढं झाला. "वृंदाताई, आपण जरा बसून बोलू—"

"तू बाहेर जा," मी म्हणाले. तो शार्दूलकडं बघत राहिला, मग गेला.

"शार्दूल, कार्ड."

"नाहीये."

"म्हणजे?"

"मोडलं. दर्शननं मोडलं, माझ्यासमोर. एकच फोटो काढून घेतला आधी." तार त्याच्या बोटाभोवती गुंडाळलेली होती, तो ती सोडवत होता. "ताई, कंपनी करार मोडणार होती. मी एकटा आहे का? पाच जण आहेत. किती वर्षं झिजलोय आम्ही, तुला माहितीय."

"आणि तो दिगंबर? त्याच्यावर केस होतेय. माझ्या फोटोवर."

"दर्शन बघेल. पुढं मिटेल ते. आपण नंतर काहीतरी करू त्याचं."

"तू त्याला बोलावलंस, शार्दूल."

त्यानं मान वर केली. माझ्याकडं सरळ बघितलं. "मी कुणाला वर बोलावलं नव्हतं," तो म्हणाला.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काय?"

"मी शांत राहा म्हणत होतो. तो आपणहून चढला."

"मी तिथं होते. मी बघत होते."

"तू कॅमेऱ्यातून बघत होतीस. त्या आवाजात तुला काय ऐकू आलं असणार?" आवाज अगदी मऊ. समजूत घातल्यासारखा. उद्या हेच तो इतरांना सांगणार होता आणि आज माझ्यावर करून बघत होता, हे मला जिना उतरताना कळलं.

खाली आई भाजी निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं. मेथीची पानं खुडायची ती थांबली नाही.

"माहितीय मला," ती म्हणाली.

"काय माहितीय?"

"कार्डाचं. मीच म्हटलं त्याला, सरळ मागितलंस तर ती देणार नाही. त्या मुलाच्या भल्यासाठी म्हण, मग देईल." तिनं काड्या बाजूला सारल्या. "तुझा स्वभाव मला ठाऊक नाही का? लहानपणापासून दुसऱ्याचं म्हटलं की तू हातातला घास देतेस."

मला तो चहा आठवला. डोक्यावरून फिरलेला हात आठवला.

"आई, त्या माणसाची कंबर मोडलीय."

"तू पोरगी आहेस म्हणून तुला तडजोड जमली. स्टुडिओत नोकरी केलीस, घर सांभाळलंस. त्याला नाही जमायचं ते. त्याचं हे गेलं तर तो उभा राहणार नाही पुन्हा." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "भाऊ आहे तो तुझा, वृंदा."

दुसऱ्या दिवशी मी जबाब द्यायला गेले. फोटो नसला तरी डोळे होते. गांगुर्डे मॅडमनी सगळ्यांना एकाच वेळी बोलावलं होतं. शार्दूल आणि दर्शन एका बाकावर, आई त्यांच्या शेजारी, लग्नाकार्याला नेसायची जांभळी साडी नेसून. मी घडलं तसं सांगितलं. त्यानं काय म्हटलं, कुणाकडं बोट केलं, मनगट कसं धरलं. शार्दूल जमिनीकडं बघत होता. तो कच खाईल असं मला क्षणभर वाटलंही.

मग आई उठून उभी राहिली. कुणी विचारलं नसताना.

"मॅडम, ही माझी मोठी मुलगी. खोटं बोलणारी नाही. पण त्या दिवसापासून तिचं डोकं ठिकाणावर नाही, रक्त बघितलंय तिनं. घरी आली तेव्हा हिनंच मला सांगितलं, आई, तो पोरगा आपणहून चढला गं, शार्दूल नको नको म्हणत होता."

मी आईकडं बघत राहिले. तिचा आवाज जराही कापला नाही. ती माझ्याकडं बघूनच बोलत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"असं म्हणालात तुम्ही?" मॅडमनी विचारलं.

"नाही."

"आई खोटं बोलतायत?"

पोलीस ठाण्यात, चार परक्या माणसांदेखत, मला ते म्हणता येईना. मी नुसती मान हलवली. ती हो होती की नाही, मॅडमना कळलं नसावं. त्यांनी पेपर पुढं सरकवला. "हा फोटो तुम्ही काढलाय?"

"हो."

"म्हणजे तुमच्या कॅमेऱ्यात हेच आलं."

"हात कापलाय त्यातला."

"मूळ फोटो आहे?"

"नाही."

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

बाहेर पायऱ्यांवर आईनं मला गाठलं. "चल घरी. सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या." पुढं शार्दूल गाडीचं दार उघडून उभा होता, मी मागं बसावं म्हणून. मी रस्ता ओलांडला आणि समोरून येणाऱ्या रिक्षाला हात केला. त्या घरात मी नंतर कपडे आणायला तेवढी गेले, आई देवळात असतानाची वेळ बघून.

रिक्षा हॉस्पिटलला नेली. दिगंबरनं दारातच विचारलं, "काय झालं ताई? दाखवला फोटो?"

मी खुर्चीवर बसले आणि सांगून टाकलं. कार्ड मोडलं. शार्दूल म्हणतो, मी बोलावलंच नाही. सगळं.

तो ऐकत होता. मग हसला. लहान मुलाचं ऐकून हसावं तसा.

"तुमचं आणि दादांचं काही बिनसलंय का ताई? घरात होतं असं. दादा असं नाही करायचे. तो दर्शन आहे ना, तो खेळ करतोय सगळा. दादांना माहीत पण नसणार." आणि छताकडं बघत म्हणाला, "डॉक्टर म्हणाले, सोमवारी बसवून बघू. दादांचा पुढचा कार्यक्रम दिवाळीत आहे. तोवर उभा राहतो की नाही बघा."

सुवर्णा मला बाहेरच्या व्हरांड्यात घेऊन आली. पहिल्यांदाच तिनं माझ्याकडं नीट बघितलं.

"मला पटलं तुमचं," ती म्हणाली. "पेपर बघितला तेव्हाच पटलं होतं. पण ताई, त्याला आत्ता नका सांगू परत. कालपासून पायाची बोटं हलवतोय. का, तर दादांच्या कार्यक्रमाला जायचंय. माझ्यासाठी नाही हलवत, आईसाठी नाही. तो चालायला लागेपर्यंत त्याला दादा पाहिजेत."

"मग काय सांगू?"

"सांगा की दादांनी विचारपूस केली."

मी आत गेले, त्याच्या पलंगाशी उभी राहिले आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. मी रागाच्या भरात बोलले. शार्दूल सारखा तुमची चौकशी करतोय."

"बघा!" दिगंबर म्हणाला. त्याचा चेहरा माझ्या फोटोंत असायचा तसा दिसत होता.

त्याच्यावरची केस पुढं कोर्टात रेंगाळली आणि सुटली. आयोजकांनी शेड बंद केली, त्यांना रस उरला नाही. भरपाई कुणी दिली नाही. गावठाणचा करार झाला आणि शार्दूल मुंबईला गेला. त्याची पोस्टरं तुम्ही पाहिली असतील. मी मैत्रिणीच्या ओळखीनं गंगापूर रोडला एक खोली घेतली आणि एका शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो काढू लागले. आई दर सणाला फोन करायची, मी उचलायची, ती जेवलीस का विचारायची. त्यापलीकडं आम्ही कधी गेलो नाही.

त्याच वर्षी, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात दुपारी जिन्यावर पावलं वाजली. एक पाऊल, मग काठी, मग दुसरं पाऊल. दार उघडलं तर दिगंबर, घामानं निथळलेला, आणि दोन पायऱ्या खाली सुवर्णा.

मी खुर्ची पुढं केली. तो बसला नाही. भिंतीला खांदा टेकून उभा राहिला.

"हिनं सांगितलं काल," तो म्हणाला. "तुम्ही त्या दिवशी खरं बोलला होता. आणि नंतर खोटं."

"हो."

"दादांनी एकदाही विचारलं नाही माझ्याबद्दल?"

"नाही."

त्यानं मान डोलावली. मग तो खिडकीबाहेर बघू लागला. खाली कुणाच्या तरी अंगणात पोरं किल्ला बांधत होती.

"एकच विचारायचंय. त्यासाठीच चढून आलो. सगळे म्हणतात हात निसटला, मी पण तेच म्हणत आलोय. पण पडताना मला असं वाटलं होतं... जाऊ दे. तुम्ही बघत होता. निसटला, का सोडला?"

सुवर्णानं माझ्याकडं बघितलं. या वेळी तिनं काही खुणावलं नाही.

बॅरिकेड कलंडलं तेव्हा शार्दूलचाही तोल जाऊ लागला होता. तो ओढला जात होता. मला ते भिंगातून अगदी जवळून दिसलं होतं, ती पाच बोटं, एकेक करून. पेपरात आलेला फोटो त्याच्या आधीचा होता. या नंतरच्या फोटोबद्दल मी कुणाला सांगितलं नव्हतं, पोलीस ठाण्यातसुद्धा नाही.

"सोडला," मी म्हणाले.